गूढ शब्दकोडं, मराठीत: सोडवा, फोडा आणि भांडा

उलटापालटा · रविवार, सकाळी ९:१०

ठाण्याहून सुटणाऱ्या सकाळच्या स्लो गाडीत माझ्यासमोर एक काका बसायचे. इंग्रजी पेपरची घडी घालून घालून कोड्याचा चौकोन तेवढा वर ठेवायचा, पेनाचं टोपण दातात, आणि भांडुपपासून सुरुवात. कुर्ल्याला अर्धं भरलेलं असायचं, भायखळ्याला उतरताना पेपर सीटवर माझ्यासाठी ठेवून जायचे. उरलेले दोन-तीन क्लू मी सीएसएमटीपर्यंत घूरत बसायचो आणि काही म्हणजे काही कळायचं नाही. शेवटी एक दिवस धीर करून विचारलं. त्यांनी रोज एक क्लू फोडून सांगायला सुरुवात केली. ती शिकवणी वर्षभर चालली, फी शून्य.

आता ते निवृत्त झालेत, आणि मला हे मराठीत करून बघायची खाज आहे. आपल्या पेपरांत कोडी असतात, पण ती सरळ: 'नदीचा काठ', तीन अक्षरं, लिहा 'किनारा'. क्रिप्टिक म्हणजे गूढ कोड्यात क्लू दिसतो एक आणि सांगतो भलतंच. बहुतेक क्लूंमध्ये उत्तराकडे जाणारे दोन रस्ते असतात. एका टोकाला साधा अर्थ, दुसऱ्या टोकाला अक्षरांची करामत. दोन्ही एकाच शब्दावर पोचले की उत्तर बरोबर.

नमुना: *रवा उलटा पडला, झाला घाव (२).* 'रवा' उलटा केला की 'वार', आणि वार म्हणजे घाव. कंसातला आकडा अक्षरांचा. जोडाक्षर एकच धरायचं.

आता तुमची पाळी. चौकट आखलेली नाही, सुटे क्लू आहेत.

१. वडा उलटायला मोठी पळी (२)
२. लोणच्यातला, झाडावरची, वांद्र्यानंतरचं (२)
३. गाडीचा शेवटचा डबा सुटला, राहिली माणसं (२)
४. एकदा दर विचारला, तर आतला जिना (३)
५. हलव्याचं गाव क्षमा ही मनात ठेवतं (३)
६. मंडई शोधायची तर बारमध्ये जा (३)
७. नवरा बिथरला की माकड (३)
८. डोंगररस्ता, मग हात दुमडतो ती जागा: मेट्रोचं टोक (५)
९. सव्वातला एक गेला, मेहुणा आला: चार महिने मुक्काम (४)

नुसतं उत्तर चालणार नाही, फोडही लिहा. फोडीशिवाय उत्तर म्हणजे कॉपी.

चौथीसीट · ९:२२

८ घाटकोपर. घाट अधिक कोपर. २०१४ पासून रोज तिथे मेट्रोतून उतरून जिन्यावर धक्के खातोय, हे नाही येणार तर काय येणार. बाकीचं चहानंतर.

खिडकीवाली · ९:३१

मी असं कोडं जन्मात पहिल्यांदा बघतेय. १ डाव? वडा उलटा केला की डाव. पण डाव म्हणजे खेळ ना? पळी कुठून आली?

गिरगावचा माळा · ९:४०

अहो, वरण वाढायचा डाव! डावभर तूप! तुमच्या घरी काय सगळं चमच्यानेच वाढतात की काय. उत्तर बरोबर आहे. माझी हरकत वेगळीच: वडा पळीने उलटत नाहीत, झाऱ्याने उलटतात. पळीने उलटायला जाल तर तेल अंगावर.

उलटापालटा · ९:४४

माळेकाका, क्लूच्या वरवरच्या अर्थाने स्वयंपाक करायचा नसतो. :) पण हरकत मान्य.

मात्रावेलांटी · १०:०५

२ खार. लोणच्यातला खार, झाडावरची खार, वांद्र्यानंतरचं खार स्टेशन. यातली खरी गंमत लक्षात आली का? 'ला', 'ची', 'चं'. एकच शब्द तिन्ही लिंगांत फिरवलाय. इंग्रजी क्लूला हे जमणारच नाही, तिथे विशेषणाला लिंगच नसतं. आणि हाच सुगावाही आहे: एकापाठोपाठ तीन लिंगं आली की समजावं, एका वस्तूचं वर्णन नाही, तीन वेगळ्या वस्तू आहेत.

उलटापालटा · १०:११

दंडवत. मी हे एवढा विचार करून केलं होतं असं आता सगळ्यांना सांगणार.

चौथीसीट · १०:३०

चहा झाला. ३ लोक!!! लोकल, शेवटचा डबा 'ल' सुटला, राहिले लोक. सकाळची ती गर्दी डोळ्यासमोर आली आणि अंगावर काटा आला. आजवर गाडीत लोक बघितले, शब्दात बसलेले कधी दिसले नव्हते.

६ बाजार. 'बार'मध्ये 'जा' घातलं: बा-जा-र. हा क्लू घरी मोठ्याने वाचू नका. मी वाचला. रविवारी सकाळी.

खिडकीवाली · १०:४८

थांबा, थांबा. ६ मध्ये 'जा' हे 'जा' असंच वापरायचं? म्हणजे शब्द समोरच पडलेला असतो?

उलटापालटा · १०:५५

हो. कधी शब्द थेट दिलेला असतो, कधी त्याचा पर्याय द्यावा लागतो. ३ मध्ये 'गाडी' लिहिलंय आणि 'लोकल' तुम्हाला ओळखायचंय. ६ मध्ये 'बार' आणि 'जा' दोन्ही जसेच्या तसे. वाक्य वाचताना आपण 'बारमध्ये जा' हा सल्ला समजतो. कोड्यात तो सल्ला नाही, रचनेची सूचना आहे: बार या शब्दामध्ये 'जा' हे अक्षर. काकांचं एक वाक्य होतं, 'वाक्य वाचू नकोस, शब्द मोज.'

खिडकीवाली · ११:२०

मग ४ दादर! एकदा दर या दोन शब्दांच्या पोटात आहे. आणि दादर म्हणजे जिना? की जिन्यांचं स्टेशन म्हणून गंमत?

गिरगावचा माळा · ११:२६

दादर म्हणजे जिनाच. चाळीत माळ्यावर चढायला लाकडी दादर असायचा. माझ्या आयडीचा अर्धा इतिहास त्यात आहे.

मात्रावेलांटी · ११:४१

४ वर माझा आक्षेप. 'एकदा दर' हा साठा, म्हणजे ज्यात उत्तर दडलंय ती अक्षरं, 'आतला' ही खूण, 'जिना' हा अर्थ. मग मधलं 'विचारला, तर' कशासाठी? ते कोणतंच काम करत नाही, फुकट प्रवास करतंय.

गूढ कोड्यांचे नियम नीट बांधून दिले ते झिमेनीस या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या मॅकनट या शिक्षकाने, १९६६ च्या पुस्तकात. त्याचा सारांश असा: क्लूमध्ये एक अचूक व्याख्या हवी, एक न्याय्य शब्दखेळ हवा, आणि तिसरं काहीही नको. तिसऱ्या कलमाखाली तुमचा ४ नंबर पकडला जातो. बिनतिकीट.

उलटापालटा · ११:५०

पकडलात. 'एकदा दर कळला, तर' असं लिहिलं तरी तेच. दंड भरतो: *एकदा दरवाजातून आतला जिना (३).* 'एकदा दरवाजा'च्या आत दादर आहेच. आता बिनकामाचं काही आहे?

मात्रावेलांटी · ११:५८

'तून' चालेल, तो जोड आहे. वाक्यही आधीपेक्षा बरं झालं, निदान माणूस दरवाजातून जिन्याकडे जातोय. पास.

चौथीसीट · १२:०५

५ कोणीच बघत नाहीये, मी घेतो. हलव्याचं गाव माहीम. क्षमा ही मनात. पण यात 'आतला', 'पोटात', 'दडलेला' अशी खूण कुठेय?

उलटापालटा · १२:१४

'मनात'मधला 'त'. सप्तमीचा प्रत्यय. 'क्षमा ही मना' एवढा साठा, आणि त्यालाच चिकटलेला 'त' म्हणजे 'च्या आत'.

मात्रावेलांटी · १२:२०

हे मात्र सुंदर. आधी मीही चिडणार होते. पण इंग्रजीत आतलं-बाहेरचं सांगायला वेगळा शब्द आणावा लागतो आणि तो लगेच डोळ्यात भरतो. आपल्याकडे प्रत्यय शब्दाच्या शेपटीला चिकटून जातो, पोलिसाला दिसतही नाही. झिमेनीसला मराठी येत असती तर त्याने यावर एक प्रकरण लिहिलं असतं.

(काही जण माहिम असं र्‍हस्व लिहितात. इथे 'ही' दीर्घ आहे म्हणजे माहीमच. कोड्याने शुद्धलेखनाचा निकाल लावला.)

अण्णू गोगटे नव्हे · १२:४५

एवढं झिमेनीस-झिमेनीस चाललंय म्हणून लिहितो. हे सगळं आपल्याकडे कधीपासूनचं आहे. शाळेत संस्कृतच्या बाईंनी फळ्यावर लिहिलेलं आठवतं का?

केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः।
रुदन्ति कौरवाः सर्वे हा केशव कथं गतः॥

वरवर अर्थ: केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद झाला, कौरव मात्र रडताहेत. सगळं उलटं. फोड: 'के शवम्', म्हणजे पाण्यात प्रेत. द्रोण म्हणजे डोमकावळा. कौरव म्हणजे कोल्हे. पाण्यात पडलेलं प्रेत पाहून कावळा खूश, आणि ते हाती लागणार नाही म्हणून कोल्हे रडतात. हा क्रिप्टिक क्लू नाही तर काय आहे? दंडी या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्यादर्शात प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, सोळा प्रकार सांगितलेत. आणि तुम्ही १९६६ सांगताय.

मात्रावेलांटी · १:०२

श्लोक माझ्याही आवडीचा. पण 'आपल्याकडे आधीच होतं' हे वाक्य ऐकलं की मला झोप येते. फरक आहे ना. कूटश्लोकात शब्द समोरच असतात, शोधायचा असतो तो नवा अर्थ. क्रिप्टिकमध्ये शब्दच लपलेला असतो, आणि तो अमुकच अक्षरांचा हवा. शिवाय चौकट. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्कच्या एका दैनिकात पहिलं शब्दकोडं छापलं ते चौकटीसकट. नंतर इंग्लंडमध्ये टॉर्केमाडा नावाने लिहिणाऱ्या माणसाने १९२६ पासून ऑब्झर्व्हर या पेपरात त्याचा पार गूढ अवतार करून टाकला. दोन वेगळी झाडं आहेत. फळं सारखी लागली तर आनंद आहे.

अण्णू गोगटे नव्हे · १:१५

बरं, दुसरं घ्या. 'कं बलवन्तं न बाधते शीतम्?' कोणत्या बलवंताला थंडी बाधत नाही? उत्तर प्रश्नातच: कंबलवन्तं. घोंगडीवाल्याला. हे तर तुमच्या दादर-माहीमसारखंच पोटात दडलेलं आहे. आता बोला.

मात्रावेलांटी · १:१९

...हे मान्य. हे तंतोतंत तेच आहे.

चौथीसीट · १:२०

आज तारीख लिहून ठेवा, बाईंनी मान्य केलं.

पीसीवाला · २:१०

जेवून आलो. ७ कसं सोडवताय? उत्तर वानर हे उघड आहे. पण नवरा 'बिथरला' म्हणजे अक्षरं इकडची तिकडे. न, व, रा यांतून व, न, रा होईल, फार तर रावन होईल. वानर कसं होणार? काना 'रा'वर आहे, तो उडी मारून 'व'वर कसा गेला?

मात्रावेलांटी · २:२४

मी वाटच बघत होते की हे कोण विचारतंय. क्लू अवैध आहे. मराठीत कोड्याच्या घरात अक्षर बसतं, मात्रेसकट. आडव्या-उभ्या शब्दांची गाठ पडते तिथे 'रा' असेल तर दोन्हीकडे 'रा'च हवा, 'र' चालत नाही. मग अक्षरफेर करताना मात्रा सुटी कशी होईल? 'नवरा'ची अक्षरं न, व, रा. 'वानर'ची वा, न, र. तीनातलं एकच जुळतं.

अण्णू गोगटे नव्हे · २:३९

अक्षर म्हणजे वर्ण नव्हे. व्याकरणाने फोडा. नवरा: न् अ व् अ र् आ. वानर: व् आ न् अ र् अ. दोन्हीकडे तेच सहा वर्ण! हा शंभर टक्के शुद्ध फेर आहे. क्लूकर्त्याला सलाम.

पीसीवाला · २:४७

गंमत म्हणजे कॉम्प्युटर अण्णूंच्या बाजूने आहे. युनिकोडमध्ये 'नवरा' म्हणजे चार चिन्हं: न, व, र आणि काना. 'वानर' म्हणजे व, काना, न, र. तीच चार. मी आत्ता दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहून तपासलं. मशीनच्या लेखी नवरा आणि वानर एकच.

खिडकीवाली · २:५२

यासाठी प्रोग्रॅम लागला तुम्हाला?

चौथीसीट · २:५३

😂😂 धागा इथेच बंद करा.

मात्रावेलांटी · ३:१०

हसून झालं असेल तर. वर्णाने मोजायचं तर कंसात (३) का लिहिलं? (६) लिहा. क्लू मोजतो अक्षरात आणि फिरवतो वर्णात, हा अन्याय आहे. एक माप घ्या. आफ्रिट नावाचा आणखी एक जुना कोडेकार म्हणून गेला आहे: मी बोलतो तोच माझा अर्थ असेल असं नाही, पण माझा जो अर्थ आहे तो मी बोललोच पाहिजे. 'बिथरला' म्हटलं तर सोडवणारा अक्षरं बिथरवणार. काना सुटा होऊन फिरतोय हे त्याला कुठे सांगितलंय?

अण्णू गोगटे नव्हे · ३:२२

जो माणूस नवरा शब्दात वानर बघू शकत नाही त्याला आकडा (३) असो की (६), काय फरक पडतो.

गिरगावचा माळा · ३:३५

मी दोन्ही बाजू वाचल्या. माझं मत साधं आहे. लहान मूल 'नवरा' उलटं कसं म्हणतं? 'रा-व-न'. 'आ-र-व-न' कोणी म्हणत नाही. चिमा काय कामाची हे आपण दोन्ही बाजूंनी वाचतो ते अक्षरं धरूनच, वर्ण धरून वाचलं तर ते फसतं. म्हणजे जिभेचा हिशोब अक्षरात आहे.

उलटापालटा · ४:१५

चिमाने माझा निकाल लावला. ७ मागे घेतो, जड अंतःकरणाने, कारण हा क्लू मला गाडीत सुचला तेव्हा मी एकटाच हसलो होतो आणि शेजारच्याने सरकून बसायला सुरुवात केली होती.

आणि त्या सरकण्यातून नवा क्लू मिळाला:

७ (सुधारित). *धक्काबुक्कीत सरकत केलेला व्यायाम (४).*

एकही मात्रा नाही. आता कोणीही, वर्णवाला असो की अक्षरवाला, भांडून दाखवावं.

चौथीसीट · ४:१९

कसरत! सरकत या शब्दाची अक्षरं धक्काबुक्कीत विस्कटली की कसरत. हा माझा क्लू आहे. माझ्या आयडीवर लिहिलेला आहे. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून दिवा ते दादर करणाऱ्याला याचं मानधन मिळालं पाहिजे.

मात्रावेलांटी · ४:३०

निर्दोष. आतापर्यंतचा सर्वांत चांगला. नवरा परत आणला तरी आता नको.

पीसीवाला · ६:०५

९ वर दोन तास गेले. 'सव्वा'तलं एक अक्षर काढलं तर उरतं 'स' किंवा 'व्वा'. त्यापुढे मेहुणा. 'समेहुणा'? 'व्वामेहुणा'? १९४२ मध्ये लंडनच्या डेली टेलिग्राफने १२ मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली होती, आणि त्यातल्या काहींना नंतर ब्लेचली पार्कला गुप्त संदेश फोडायला बोलावणं आलं. मला बोलावणं येणार नाही हे नक्की झालं.

खिडकीवाली · ६:२०

मेहुणा म्हणजे साला, भावजी, दाजी... चार महिने मुक्काम म्हणजे बाळंतपण?

चौथीसीट · ६:२४

आमच्याकडे खरंच एक मेहुणा चार महिने राहिला होता. त्यावर कोडं नको.

गिरगावचा माळा · ६:५०

तुम्ही सगळे सव्वातलं अक्षर काढताय. सव्वातला एक काढा हो! सव्वा म्हणजे किती? एक आणि पाव. एक गेला, उरला पाव. आम्हाला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी ही अपूर्णांकांची पाढ्यांची माळ छडीच्या धाकाने पाठ करायला लावली होती. आज सत्तर वर्षांनी उपयोग झाला.

मग मेहुणा म्हणजे साळा, बायकोचा भाऊ. पाव आणि साळा. पावसाळा. जून ते सप्टेंबर, चार महिने मुक्काम.

पीसीवाला · ६:५३

मी कीबोर्डवरून उठलो. उभा राहून टाळ्या.

मात्रावेलांटी · ७:०५

'साळा' आता मुंबईत कोण म्हणतं? 'साला' म्हणतात, तेही मेहुण्याला नाही.

गिरगावचा माळा · ७:०९

शब्दकोशात आहे आणि माझ्या बायकोच्या माहेरी अजून आहे. मला तीन आहेत.

उलटापालटा · ७:२५

काका, तुमच्याकडून ही फोड वाचताना भायखळ्याचे काका आठवले. हा क्लू त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. त्यांचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं, खाली एकच ओळ: 'साळा जरा ओढून आणलास.' म्हणजे मात्राबाईंचं तेच म्हणणं. पण पाव सोडवायला सत्तर वर्षांपूर्वीची पावकी लागली, आणि तेवढ्यासाठी साळा ओढून आणलेला मला परवडतो.

पुढच्या रविवारी चौकटीसकट कोडं टाकतो. आत्ताच सांगतो, चौकट इंग्रजीसारखी मोठी होणार नाही. आपले शब्द अक्षरांत मोजले की दोन-तीन-चार घरांत संपतात, आणि गाठीच्या घरात काना-मात्रा सुद्धा जुळावी लागते. सात बाय सातची चौकट भरताना एक 'ळू' अडकला की अख्खा कोपरा उस्कटावा लागतो. हे मी तीन संध्याकाळी करून बघितलंय.

खिडकीवाली · ९:४०

मी एक केलाय. दुपारपासून तोच डोक्यात आहे, भाजीला दोनदा मीठ पडलं. हसू नका.

*परीक्षेत झाले, खिडकीवर काढला (२)*

मात्रावेलांटी · ९:४३

लिंग बदललंय. म्हणजे दोन वस्तू. शाब्बास, शिकलात.

गिरगावचा माळा · ९:४४

पास. महिन्याचा की तीन महिन्यांचा तेवढं सांगा.